गाडी थरथरते कुणाच्या तालावर?

गोव्यात फोंड्यातलं एक गॅरेज. गिऱ्हाईक सांगतं, "मिस्त्री, ऐंशीला गेली की स्टिअरिंग थरथरतं." मिस्त्री बॉनेटला हात लावत नाहीत. विचारतात, "त्याच स्पीडला गिअर बदललात तर थरथर बदलते?"

प्रश्न अगदी नेमका आहे.

गाडीत जे जे फिरतं, ते आपल्या फेऱ्यांच्या पटीत कंपन करतं. एका फेरीत एक धक्का, ती पहिली ऑर्डर. दोन धक्के, ती दुसरी. ८०च्या वेगाला १४ इंची रिमचं चाक सेकंदाला साधारण १२ फेऱ्या मारतं. इंजिन तेव्हा २४०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला २४०० फेऱ्यांवर असेल, तर क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, फेऱ्या सेकंदाला ४०. वरचा गिअर टाकला की इंजिनाच्या फेऱ्या उतरतात, चाकाच्या मात्र तेवढ्याच राहतात. इथं थरथरही तशीच राहिली होती. म्हणजे संशय चाकावर.

चाक उतरवलं. रिमच्या आतल्या बाजूला लाल मातीचा वाळलेला थर, एकाच अंगाला. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावरून आलेला हा चिखल चाकाचा तोल घालवायला पुरतो. रिम खरवडून धुतली, बॅलन्सिंग केलं.

इंजिनाचा मामला जास्त गुंतागुंतीचा, आणि खरं सांगायचं तर जास्त सुंदर. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. चार सिलिंडर असतील तर फेरीला दोन स्फोट, म्हणून दुसरी ऑर्डर ठळक. तीन असतील तर दीड. सिग्नलला ९०० आरपीएमवर उभ्या गाडीत चार सिलिंडरचे सेकंदाला ३० धक्के, तीनचे साडेबावीस. धक्के जितके संथ, तितके ते माउंटिंगच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या आधाराच्या, रबराला अडवायला कठीण.

हे सगळं आलेखावर मांडतात. आडवे आरपीएम, उभी वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती कंपनं. प्रत्येक ऑर्डर शून्यातून निघालेली तिरकी रेषा होते. पत्रा, सीट, केबिनमधली हवा यांची स्वतःची वारंवारता ठरलेली, म्हणून त्यांची पट्टी आडवी. तिरकी रेषा या पट्टीला छेदते तिथं आवाज एकदम फुगतो. थाप हलकी असली तरी घुमट या गोव्यातल्या वाद्याचं मडकं दणाणतं, तशी केबिन घुमते.

फोंड्याजवळच्या फर्मागुढीचा चढ वरच्या गिअरमध्ये रेटताना कानांत दडे बसवणारी गुंगुं येते, ती बहुतेक हीच. एक गिअर खाली घ्या. आरपीएम वाढतात, रेषा पट्टी ओलांडते, घुमणं विरतं. तरीही राहिलंच, तर इंजिन माउंटिंग तपासून घ्या.