टीप मारली की आधी इस्त्री

(ठाण्यात नौपाड्यात, घरी शिवणकाम करणाऱ्यांसमोर झालेलं बोलणं, लिहून काढून थोडं नीट केलेलं)

नमस्कार. हे दोन ब्लाउज देते, पुढच्या रांगेपासून मागेपर्यंत फिरवा आणि हात लावून बघा. कापड एकच, टू बाय टू म्हणतात ते ब्लाउजचं कापड, पेपर कटिंग एकच, मशीन तेच, टीपही तितकीच बारीक. फरक एवढाच की एकाला पूर्ण शिवून झाल्यावर शेवटी इस्त्री केलीय आणि दुसऱ्याला प्रत्येक टिपेनंतर. पहिल्यात कटोरीच्या, म्हणजे छातीच्या वाटीसारख्या भागाच्या, जोडावर बारीक बारीक फुगे दिसतील, मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतो तिथली, शिवण जाड होऊन वर आलीय, बाहीची मुडप, म्हणजे दुमडलेली कड, एका बाजूला पिळली गेलीय. दुसरा अंगात न घालताही उभा राहतोय. लोक म्हणतात ना, घरी शिवलेलं लगेच कळतं, तर ते टिपेमुळे कळत नाही, बहुतेक वेळा ते इस्त्रीने न दाबलेल्या शिवणींमुळे कळतं. मला आज एवढंच सांगायचंय, बाकी सगळं याचंच आहे.

शेवटी केलेली इस्त्री फक्त वरच्या कापडाला लागते. आत शिवणींवर शिवणी चढलेल्या असतात, बाही लागलेली असते, अस्तर बसलेलं असतं, तिथे इस्त्रीचं टोक पोचतच नाही. म्हणून नियम साधा आहे: एक शिवण दुसऱ्या शिवणीला आडवी जाणार असेल तर आधीची दाबल्याशिवाय दुसरी मारायची नाही. खांदा जोडला, दाबा, मग गळ्याची पट्टी. टक्स, म्हणजे आकारासाठी शिवतो त्या निमुळत्या घड्या, घातले, दाबा, मग साइड. बाहीची मुडप आणि गोट बाही सपाट असतानाच इस्त्री करून घ्या, कारण एकदा बगलेची शिवण मारली की ती नळी होते आणि मग आपण तिला चुरगाळत बसतो.

आता इस्त्री करायची कशी, कारण इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. धुतलेल्या कपड्यावर आपण इस्त्री फिरवतो, पुढे मागे, पुढे मागे. शिवताना फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. का, तर कापड उभ्या आडव्या धाग्यात घट्ट असतं पण तिरकं ओढलं की वाढतं, उरेब म्हणजे तिरकी पट्टी आपण त्याच्यासाठीच तर कापतो, आणि ब्लाउजचा गळा, मुंढा, कटोरीची गोलाई, सगळीकडे उरेब आहेच. गरम आणि ओलसर कापडावर जड इस्त्री सरकवली की गळा हळूच पाव इंच, अर्धा इंच मोठा होतो, मग ब्लाउज खांद्यावरून उतरतो आणि आपण दोष देतो कटिंगला. कटिंग बरोबर होतं हो, गळा इस्त्रीने ओढला.

एक शिवण दाबायच्या तीन पायऱ्या आहेत. आधी शिवण जशी मारलीय तशीच, दोन्ही कापडं एकावर एक असताना, दाबायची. ही पायरी जवळजवळ सगळ्याजणी सोडतात. याने दोरा कापडात बसतो आणि टीप मारताना जे बारीक आकसलेलं असतं ते सुटतं. मग उलट्या बाजूने मार्जिन, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, बोटाने उघडायचं आणि इस्त्रीच्या फक्त टोकाने, शिवणीच्या घळीत, दाबत जायचं. मग सुलट करून वर मलमलचा तुकडा टाकून एकदा. कापड थंड होईपर्यंत उचलायचं नाही. हे थंड होणं म्हणजे वेळ घालवणं नाही, खरं काम तिथेच होतं, ते सांगते.

कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोज. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बॉण्डने धरून असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की हे बॉण्ड सुटतात, साखळ्या सरकायला मोकळ्या होतात, आणि पाणी उडून गेलं की ज्या अवस्थेत असतील तिथेच परत पकड बसते. म्हणून कोरड्या खणखणीत कॉटनवर कितीही जोर लावा, सुरकुती हलत नाही, आणि चार थेंब पाणी शिंपडलं की लगेच जाते. आणि म्हणूनच ओलसर गरम असताना उचलून घडी घातली की ती चुकीची घडीच पक्की होते. आपल्याकडे पावसाळ्यात तर हवेतलाच ओलावा कापसात शिरतो, जुलैमध्ये दाबलेली शिवण लगेच कपाटात कोंबू नका, पंख्याखाली पाच मिनिटं राहू द्या.

पॉलिएस्टरचं गणित वेगळं. ठरावीक दमट हवेत कॉटन स्वतःच्या वजनाच्या साधारण 8.5 टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर फक्त 0.4 टक्के. म्हणजे पाण्याने त्याचं फारसं काही होत नाही, तिथे काम उष्णतेचं. साधारण 70 ते 80 अंशांच्या पुढे त्याचा तंतू आतून ढिला व्हायला लागतो आणि थंड झाला की पुन्हा आवळतो. म्हणून पॉलिएस्टरच्या प्लीट्स वर्षानुवर्षं टिकतात आणि म्हणूनच त्यात चुकून बसलेली घडी जाता जात नाही. 250 अंशांच्या वर ते चक्क वितळतं, पण त्याच्या खूप आधी चकाकायला आणि आकसायला लागतं.

आता तुम्ही म्हणाल, कापड कुठलं ते कळणार कसं. जांभळी नाक्याला किंवा उल्हासनगरला जा, दुकानात 'सिल्क' म्हणून ठेवलेलं बरंच कापड पॉलिएस्टर असतं, दुकानदार खोटं बोलतो असं नाही, बाजारात तसंच नाव चालतं. तर कडेचे दोन धागे काढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि पेटवा. कॉटन कागदासारखा वास देतं आणि मऊ राख होते. खरं रेशीम जळलेल्या केसांचा वास देतं, राख चुरली की भुगा. पॉलिएस्टर वितळून काळी कडक गोळी होते. एक मिनिटाचं काम आहे आणि पुढचे हजारो रुपये वाचतात.

इस्त्रीच्या डायलवरचे ठिपके बघत जा. एक ठिपका साधारण 110 अंश, नायलॉन वगैरेसाठी. दोन म्हणजे 150 च्या आसपास, रेशीम, लोकर, मिक्स कापड. तीन म्हणजे 200 च्या आसपास, कॉटन आणि लिनन. आत जी थर्मोस्टॅटची पट्टी असते ती तापली की वाकते, करंट तोडते, गार झाली की परत जोडते, त्यामुळे तापमान कायम एकसारखं नसतं, थोडं वर थोडं खाली होतच राहतं. आणि तीनवरून एकवर डायल फिरवला म्हणून इस्त्री लगेच गार होत नाही, तळ बराच वेळ तापलेला राहतो. जॉर्जेट जळतं ते बहुतेक याच वेळी. म्हणून कामाचा क्रम कायम कमी गरमपासून जास्त गरमकडे ठेवा.

स्टीम इस्त्री असेल तर पाण्याचं बघा. घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत ज्यांच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं त्यांना हे माहिती असेल, पाणी जड असलं की भोकांत क्षार बसतो आणि एखाद्या दिवशी पांढऱ्या कापडावर पिवळा डाग थुंकते. फिल्टरचं पाणी घाला आणि काम झालं की टाकी रिकामी करा.

टक्सकडे येते, कारण ब्लाउज बसतो तो टक्सवर. कमरेचे उभे टक्स मध्याकडे वळवून दाबा, बगलेतून येणारा आडवा टक खालच्या बाजूला. दाबायचं टोकापर्यंत, टोकाच्या पुढे नाही. पुढे गेलात तर सपाट कापडावर घडी पडते आणि बरोबर छातीच्या उंचवट्यावर ती रेघ चमकते. टकच्या घडीखाली साध्या कागदाची पट्टी सरकवून दाबलंत तर सुलट बाजूला घडीचा ठसा उमटत नाही. आणि मुख्य म्हणजे टक ही गोल जागा आहे, तिला सपाट टेबलावर दाबलं की आपण शिवून आणलेली गोलाई इस्त्रीने परत मारतो. तिला गोल गोष्टीवरच दाबावं लागतं.

हे बघा, ही माझ्या हातातली उशी. टेलर्स हॅम म्हणतात. एका टोकाला रुंद, एका टोकाला निमुळती, साधारण एक फूट लांब. आत लाकडाचा भुसा आहे, सुताराकडून आणलेला, चाळून उन्हात वाळवलेला, आणि तो इतका गच्च भरलाय की अंगठ्याने दाबला तर खड्डा पडत नाही. कापूस किंवा फोम भरू नका, ते दबतात आणि फोम तर वाफही शोषत नाही. खोळ धुतलेल्या जाड कॉटनची, दुसरी बाजू जमलं तर लोकरीची. प्रिन्सेस कटची, म्हणजे छातीवरून खाली जाणारी गोलाईची उभी, शिवण याच्यावर कशी बसते बघा: मधल्या तुकड्याच्या आत वळलेल्या कडेला कात्रीने छोटे छेद द्यायचे, बाजूच्या फुगीर तुकड्याला छोटे त्रिकोण कापायचे, शिवणीपासून दोन धागे अलीकडे थांबायचं, मग उशीच्या रुंद टोकावर शिवण पसरायची आणि दोन दोन इंचाने इस्त्री ठेवत उचलत जायचं. आता उचलून दाखवते, दिसली गोलाई? ही टिपेने एकटीने आली नसती.

बाहीसाठी मासिकाचा जुना जाड अंक घट्ट गुंडाळून वर धुतलेलं कॉटन शिवून घ्या, झाली बाहीची गुंडाळी. सारा बून नावाच्या एका शिवणकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईंनी अमेरिकेत 1892 साली इस्त्रीच्या फळीचं पेटंट घेतलं होतं, आणि ती फळी अरुंद, वाकडी आणि दोन्ही बाजूंनी वापरता येईल अशी होती, खास बायकांच्या कपड्यांच्या बाह्या आणि कंबर नीट दाबता यावी म्हणून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या बाईने रोज बाह्या शिवल्या तिलाच कळलं की सपाट टेबल पुरत नाही.

जाड कापडासाठी, म्हणजे कॉलर, खिशाचं झाकण, नेहरू जॅकेटची कड, लाकडाचा ठोकळा वापरा. वाफ दिली, इस्त्री उचलली, लगेच वर ठोकळा दाबून धरला, लाकूड ओलावा ओढून घेतं आणि घडी चाकूसारखी बसते. पॉलिश अजिबात नको, सागवान पण नको, त्यातलं तेल कापडाला लागतं. लोकर तर कोरडी दाबूच नका, कायम ओलं फडकं किंवा वाफ. 1925 साली जिथे रेमंडची वूलन मिल सुरू झाली त्या ठाण्याला हे मी काय सांगणार, तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी कोणी ना कोणी रेमंडमध्ये होतंच.

बकरम किंवा फ्युजिंग, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत लावायचं कापड, चिकटवताना तर सरकवणं पूर्ण बंद. चिकट बाजू कापडाच्या उलट्या बाजूला, वर फडकं, एका जागी 10 ते 15 सेकंद दाबून धरा, उचला, शेजारी ठेवा. थंड होईपर्यंत कॉलर हातात घेऊन वाकवायची नाही, डिंक अजून बसलेला नसतो. धुतल्यावर कॉलरवर बुडबुडे येतात त्याचं कारण बऱ्याचदा इथे असतं.

आणि अस्तर. कॉटनचं अस्तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. हे वीस रुपयांचं पण काम नाही, पण न केलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आकसतं, वरचं कापड तसंच राहतं आणि ब्लाउजला आतून चुण्या पडतात, मग कुठलीही इस्त्री कामाची नाही.

जागा नाही असं सगळ्याजणी म्हणतात, वन बीएचके मध्ये खरंच नाही. म्हणून गादीवर चादर टाकून इस्त्री होते. गादी दबते, कापड तिच्याबरोबर खाली जातं, शिवणीवर जोर येतच नाही. दोन फूट बाय दीड फूट प्लायवूड घ्या, वर जुनी लोकरीची घोंगडी दोन पदरी ताणून, वर कॉटन, मागून खिळे. ही फळी मशीनच्या डाव्या हाताला ठेवा. इस्त्री दुसऱ्या खोलीत असली की माणूस उठत नाही, कितीही ठरवलं तरी. आणि इस्त्रीवाल्या दादांकडे तयार कपडा जरूर द्या, कोळशाच्या इस्त्रीच्या वजनाला आणि त्यांच्या हाताला तोड नाही, पण शिवणीच्या आतली जागा ती तुमचीच, ती तयार कपड्यात त्यांनाही सापडणार नाही.

पैठणीचं कुणीतरी मघाशी विचारलं. खऱ्या रेशमावर पाणी शिंपडू नका, डाग राहतो. उलट्या बाजूने, वर कोरडी मलमल, मधला ठिपका, आणि काठावर तर एकदम हलका हात. आजकाल काठात प्लास्टिकची जर असते, ती गरम इस्त्रीने आकसते आणि काठ ओढला जातो, म्हणून काठाचा अगदी छोटा कापलेला तुकडा आधी दाबून बघा. मखमल असेल तर इस्त्रीखाली सुलट बाजू कधीच नाही, दुसऱ्या मखमलीच्या तुकड्यावर पालथी ठेवा आणि वरून फक्त वाफ.

बरं, आता फळी लावूया. इस्त्री अजून थंड आहे, त्यामुळे जॉर्जेट आणि पॉलिएस्टरवाल्या आधी या, मग पैठणी आणि रेशीम, कॉटनवाल्या शेवटी. प्रत्येकीने आपल्या कापडाचा उरलेला तुकडा हातात ठेवा, पहिली इस्त्री त्या तुकड्यावर. काकू, तुमच्या ब्लाउजचा टक अजून उघडाच आहे ना? मग शिवण मारण्याआधी इकडे द्या, उशी मोकळी आहे.