दट्टे बसवणारी मुलगी

रोममधली सान लोरेन्झो ही गरीब कामगारांची वस्ती. आईबाप कामावर गेले की पोरं दिवसभर जिन्यांतून हुंदडायची, भिंती खराब करायची. त्यांना सांभाळायला कुणीतरी हवं, म्हणून ६ जानेवारी १९०७ रोजी इथल्याच एका इमारतीत मुलांचं घर सुरू झालं. ते चालवायला घेतलं डॉ. मारिया माँटेसरी यांनी.

त्या घरात साधारण तीन वर्षांची एक मुलगी होती. तिच्यासमोर भोकं असलेला लाकडी ठोकळा आणि त्यात बसणारे लहानमोठे दट्टे. सगळे काढायचे, मिसळायचे आणि ज्याचा त्याच्या जागी बसवायचा. झालं की पुन्हा काढायचे.

माँटेसरी मोजू लागल्या. मग त्यांनी बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावली. मुलीनं मान वर केली नाही. त्यांनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिनं ठोकळा घट्ट धरला, मांडीवर घेतला आणि काम चालूच ठेवलं. चाळीसहून अधिक वेळा! मग आपणहून थांबली. छान झोप झाल्यासारखी हसली.

माँटेसरी डॉक्टर होत्या, मोजमाप करून बोलणाऱ्या. तरी त्यांना आत्म्याची भाषा टाळता आली नाही. लहान मुलाला त्या ‘आध्यात्मिक गर्भ’ म्हणत. शरीर जन्माला आलं, पण मन अजून आत घडतंय. पोटातल्या गर्भाला जपतो तसं त्यालाही जपायला हवं. मला हे फार खरं वाटतं. त्या मुलीसारखं कामात हरवून जाणं, याला आपल्याकडे तंद्री लागणं म्हणतात. आणि ती मोडायला आपण किती तत्पर असतो! “अगं, लक्ष कुठंय तुझं? चल जेवायला!”

माँटेसरींचा हा विचार गुजरातमधल्या भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी आपलासा केला. १९४५ साली ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, पुढे जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर. सोबत अनुताई वाघ. माँटेसरींचं महागडं साहित्य खेड्यात परवडणारं नव्हतं. मग शंख, शिंपले, बिया, पानं हेच साहित्य झालं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली.

शेणानं सारवलेलं अंगण. एक पोर शिंपले मांडतंय, लहानापासून मोठ्यापर्यंत. मधेच एक चुकतो. ते थांबतं, बघतं, पुन्हा पहिल्यापासून लावतं. बाई शेजारीच बसल्या आहेत. हात पुढे करत नाहीत. ओळ पुरी व्हायची आहे.