फुफ्फुसातली गाठ आणि सुईची वाट

नमस्कार. माझ्याकडे बायोप्सीसाठी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा तपासायला काढण्यासाठी, येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच ओळ असते: 'सीटी गायडेड लंग बायोप्सी करून मिळावी.' त्या चिठ्ठ्या तुमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरांच्या हातच्या असतात, म्हणून आजचं निमंत्रण मी लगेच स्वीकारलं. त्या ओळीत मशीन आधीच ठरलेलं असतं. गाठ छातीच्या भिंतीला टेकली आहे की आत खोल आहे, पेशंटला श्वास रोखून धरता येतो का, याबद्दल मात्र चिठ्ठीत काही नसतं. खरं तर मशीन ठरतं ते याच गोष्टींवरून.

कॉलेजात आपण सगळेच शिकलो की फुफ्फुसात हवा असते आणि हवेतून सोनोग्राफीच्या लहरी पुढे जात नाहीत. हे खरंच आहे. त्यामुळे फुफ्फुस म्हटलं की सोनोग्राफी आपल्या डोक्यात येतच नाही. पण गाठ फुफ्फुसाच्या आवरणाला टेकलेली असेल, तर प्रोब (कातडीवर ठेवायचा सोनोग्राफीचा दांडा) आणि गाठ यांच्यामध्ये हवा कुठे उरते? कातडी, स्नायू, बरगड्यांमधली फट, आवरण आणि लगेच गाठ. तिथे गाठ स्वच्छ दिसते. टेकलेली जागा बोटभर असली तरी अनेकदा तेवढी खिडकी पुरते.

माझ्या उमेदवारीच्या काळातली एक केस सांगतो. सत्तरीकडे झुकलेले शेतकरी आजोबा, चाळीस वर्षं विडी ओढलेली. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात, मागच्या बाजूला, छाती-पोटामधल्या पडद्याच्या जरा वर तीन सेंटिमीटरची गाठ, पाठीच्या बाजूने आवरणाला चिकटलेली. चिठ्ठीवर सीटी लिहिलं होतं, म्हणून मी सीटी केलं. आजोबांना पालथं झोपवलं. 'श्वास घ्या, सोडा, आता थांबा' म्हटलं की ते बिचारे जीव तोडून प्रयत्न करायचे, पण दमेकऱ्याचा श्वास प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी थांबतो. फुफ्फुसाचा खालचा भाग साध्या श्वासातसुद्धा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खालीवर होतो. स्कॅन काढला तेव्हा गाठ होती त्या जागी सुई घातली, पुन्हा स्कॅन काढला, तर गाठ बरगडीच्या आड. सुई मागे घेतली, परत घातली. तिसऱ्या वेळी तुकडा मिळाला, पण तोवर आवरणाला तीन भोकं पडली होती आणि फुफ्फुसाबाहेर छातीच्या पोकळीत हवा भरायला लागली होती. ती काढायला छातीत नळी टाकावी लागली. आजोबा चार दिवस त्या नळीला बांधले गेले.

त्याच गाठीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला असता तर ती श्वासाबरोबर सरकताना मला डोळ्यांसमोर दिसली असती. आजोबांना टेबलाच्या कडेला बसवून, पुढे उशीवर डोकं टेकवून काम झालं असतं. ती चूक माझी होती. चिठ्ठी कुणीही लिहिलेली असो, फिल्म बघून वाट ठरवणं हे माझं काम होतं.

सोनोग्राफीखाली सुई कशी जाते ते सांगतो. खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून आत शिरायचं, कारण शीर, धमनी आणि नस वरच्या बरगडीच्या खालच्या कडेने जातात. स्क्रीनवर सुई पांढऱ्या रेघेसारखी दिसते. तिचं टोक दिसत नसेल तर पुढे सरकायचं नाही, हा नियम मी कधीच मोडत नाही. टोक गाठीच्या काठाशी आलं की दोन-तीन श्वास नुसतं बघत राहायचं. गाठ खाली जाते, वर येते. बरोबर समोर आली की गन, म्हणजे सुई झटक्यात पुढे टाकणारं यंत्र, मारायची. त्याआधी एक हिशोब मात्र पक्का हवा: सुई पुढे किती उडी घेणार, एक सेंटिमीटर की दोन, आणि गाठीत तेवढी जागा आहे का. गाठीच्या मधोमध काळसर, मेलेला भाग दिसत असेल तर तुकडा कडेच्या भागातून घ्यायचा, नाहीतर रिपोर्टात 'नेक्रोसिस' एवढंच येतं. हवेने भरलेल्या फुफ्फुसातून सुई जातच नाही, म्हणून छातीत हवा शिरण्याचा धोका बराच कमी. किरणोत्सर्ग नाही. दम लागलेल्या, आडवं होऊ न शकणाऱ्या पेशंटचं कामही खाटेवर बसल्या बसल्या होतं.

मग सीटी कशाला? गाठ आत असेल, चारी बाजूंनी हवा असेल, तर सीटीला पर्याय नाही. १९७६ मध्ये हागा आणि अल्फिडी यांनी सीटीच्या मदतीने बायोप्सी करून दाखवली, आणि त्याआधी एक्स-रेच्या पडद्यावर अंदाजाने पोचावं लागे त्या जागा आवाक्यात आल्या. सीटीत गाठीपेक्षा मी वाट जास्त बघतो. वाटेत हवेचा फुगा झालेला भाग नको. मोठी रक्तवाहिनी नको. फुफ्फुसाच्या दोन भागांमधली फट ओलांडायची नाही, कारण ती ओलांडली की आवरणाला आणखी दोन भोकं. कधी कधी जवळची वाट सोडून लांबची घ्यावी लागते, ती या कारणांसाठी. बाहेरची सुई एकदाच बसवायची आणि तिच्या आतून बारीक सुईने तीन-चार तुकडे घ्यायचे, म्हणजे आवरण पुन्हा पुन्हा टोचलं जात नाही.

एवढं सगळं सांभाळूनही सीटी बायोप्सीत साधारण चार-पाच पेशंटमागे एकाच्या छातीत थोडीफार हवा शिरते. त्यातल्या बहुतेकांना नुसतं निरीक्षण पुरतं, थोड्यांनाच नळी लागते. हे नातेवाईकांना आधी सांगितलं तर ते समजून घेतात. नंतर सांगितलं की विश्वास जातो.

गाठ मोठ्या श्वासनलिकेला लागून असेल किंवा छातीच्या मधल्या भागातल्या ग्रंथी वाढलेल्या असतील, तर दुर्बीण आणि दुर्बिणीच्या टोकाची सोनोग्राफी. ते काम छातीरोगतज्ज्ञांचं, त्यावर मी जास्त बोलत नाही.

काही सावल्यांना मात्र सुई लावायचीच नाही. हायडॅटिडची, म्हणजे एका कृमीमुळे होणारी, पाण्याची गाठ फुटली तर पेशंटला जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. धमनी आणि शीर थेट जोडल्या गेलेला रक्तवाहिन्यांचा गुंता साध्या फिल्मवर गोल गाठीसारखाच दिसतो. म्हणून आधी कॉन्ट्रास्ट सीटी, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसण्यासाठी शिरेतून औषध देऊन काढलेलं सीटी, बघायचंच.

आता एक कळकळीची विनंती. छातीत सुई घालण्याआधी मानेला हात लावा. गळपट्टीच्या हाडाच्या वर खोलवर एखादी ग्रंथी असते, बोटाला लागत नाही, पण सोनोग्राफीत दिसते. तिचा तुकडा घेतला तर फुफ्फुसाला हातही लावावा लागत नाही, आणि त्यात कॅन्सर निघाला तर आजार कुठवर पोचलाय तेही त्याच तुकड्यावर कळतं. छातीत पाणी असेल तर आधी पाणी तपासा.

तुकड्याचं पुढे काय होतं, हेही तुमच्या हातात आहे. आपल्याकडे फुफ्फुसात सावली दिसली की टीबीचं औषध सुरू होतं, थुंकीत जंतू सापडला नसला तरी. दोन-तीन महिने जातात, सावली वाढते, मग पेशंट माझ्याकडे येतो. टीबी असूही शकतो, म्हणूनच एक तुकडा साध्या सलाईनमध्ये, सीबीनॅट (टीबीच्या जंतूचं जनुक शोधणारी तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) यांसाठी. बाकीचे फॉर्मेलिनमध्ये. सगळे फॉर्मेलिनमध्ये टाकले तर जंतू मरतात आणि कल्चर करायला काही उरत नाही. मग पुन्हा सुई. कॅन्सर निघाला तर ईजीएफआर, एएलके अशा जनुकांच्या तपासण्यांनाही मांस पुरेसं लागतं, कारण गोळीचा उपचार लागू पडेल का ते त्यावर ठरतं.

'सुई लावली की कॅन्सर पसरतो' हे घरातलं कुणीतरी म्हणतंच, बहुतेकदा थोरली काकू किंवा शेजारचे भाऊ. सुईच्या वाटेत पेशी रुजणं घडतं, पण हजारात एकाहूनही कमी. निदानाविना वाया गेलेले महिने त्याहून कितीतरी महागात पडतात. हे तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील.

पाठवण्याआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का विचारा. क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी बंद, तीही हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि प्लेटलेटचा रिपोर्ट सोबत द्या. फिल्मबरोबर सीडीसुद्धा द्या, फिल्मवर वाट दिसत नाही. आणि चिठ्ठीवर 'फुफ्फुसातल्या गाठीची बायोप्सी' असं लिहा, मशीनचं नाव नको.

आम्ही पेशंटला सुई लावलेली बाजू खाली करून झोपवतो, काही तासांनी एक्स-रे काढतो, ठीक असेल तर संध्याकाळी घरी सोडतो. पण हवा उशिराही शिरू शकते. रात्री दोनला तुमच्या दारात कुणी येईल, 'बाबांना दम लागतोय, छातीत दुखतंय.' गॅसचं इंजेक्शन देऊन परत पाठवू नका. काल बायोप्सी झाली होती का, एवढं विचारा आणि लगेच छातीचा एक्स-रे काढून घ्या.