लिंबाला प्रदक्षिणा: जुना डोझर घेताना

नमस्कार मंडळी. ज्वारी-गहू घरात आला, ऊन तापायला लागलं, की आपल्याकडं जो तो माळाकडं बघायला लागतो. इथं ताल घालू, तिथलं टेकाड काढू, तलावातला गाळ आणून टाकलाय तो पसरवू. मग मशीनवाल्याला फोन, तो म्हणतो नंबर यायला पंधरा दिवस, दुसरा फोनच उचलत नाही, आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, त्यापेक्षा एक जुना डोझर घेऊनच टाकू की. हे "घेऊनच टाकू" जे आहे ना, त्याच्याबद्दल आज बोलायचंय.

डोझर म्हणतोय मी, चेनवाला, पुढं पातं असलेला. जेसीबी नव्हे. आपल्याकडं पिवळं काही दिसलं की जेसीबीच म्हणतात, आणि आता तर त्याचं मुख्य काम पुढाऱ्यावर गुलाल आणि फुलं उधळणं हेच झालंय, एवढं डिझेल त्या फुलांवर जाळण्यापेक्षा गावचा पाणंद रस्ता तरी नीट केला असता, पण जाऊ द्या, आपला विषय राहील बाजूला.

तर पहिलं. वर्षाला चाळीस-पन्नास तासांचंच काम असेल तर घेऊ नका, भाड्यानं आणा, सरळ सांगतो. काम दोन-तीन वर्षं पुरणार असेल, भाऊबंदांचंही जवळपास असेल, तरच घ्या. आणि घ्यायचाच तर लहान घ्या. आपल्याकडं जुन्या बाजारात जास्त दिसतात ते बीईएमएलचे, म्हणजे सरकारी कंपनी, भारत अर्थ मूव्हर्स, १९६४ सालची. त्यातला डी-५० आपल्या कामाचा, अकरा-बारा टनांच्या आसपास वजन. डी-८० बघायलाच जाऊ नका, तो जवळजवळ दुप्पट वजनाचा, पाच-सात एकराच्या रानात तो म्हणजे पोहे कालवायला फावडं. शिवाय चेनवालं मशीन डांबरी रस्त्यावरून चालवत नेता येत नाही, दरवेळी लोबेड ट्रेलर, म्हणजे मशीन वाहून नेणारा बुटका ट्रेलर लागतो, त्याचं भाडं धरा, आणि तुमच्या वाटेवरचा ओढ्याचा पूल तेवढं वजन पेलतो का तेही बघा.

आता दाजींची गोष्ट सांगतो. ही सांगायलाच मी आज आलोय, खरं तर.

आमचे दाजी पुरंदरातले. डोंगराच्या पायथ्याला सात एकर, वर वीतभर माती, खाली नुसता मुरूम. त्यांना तिथं अंजीर आणि सीताफळ लावायचं होतं. एक दिवस फोन आला, डी-५० मिळतोय, साडेआठ लाख, उद्या पैसे द्यायचेत, तू फक्त सोबत ये. फोटो पाठवला. इतका पिवळा, इतका पिवळा, की वाटावं हळदीला बसवलाय. मी म्हणलं दाजी, एक दिवस थांबा, आपण तात्यांना नेऊ. तात्या म्हणजे पाटबंधारे खात्यात यांत्रिकीला आयुष्य काढलेले मिस्त्री, वय सत्तरच्या पुढं, बोलणं कमी.

यार्डात गेलो. मालकानं चहा मागवला, तात्यांनी चहा घेतला आणि बशी हातात घेऊनच मशीनच्या मागं जाऊन उकिडवे बसले. इंजिनाकडं बघितलंसुद्धा नाही. दाजी मला कोपरानं ढोसतायत, अरे हे काय करतायत? तात्या म्हणाले, दात बघतोय. बैल घेताना दात बघतो ना आपण, दोन दाती, चार दाती, तसे याचेपण दात असतात, फक्त मागच्या बाजूला. स्प्रॉकेट. चेन फिरवणारं दातेरी चाक. त्याचे दात बोथट आणि भरलेले असतील तर आयुष्य आहे, झिजून टोकदार झाले असतील तर चेनच्या पिना-बुशसुद्धा गेल्यात असं समजायचं. इथले दात निम्म्यावर आले होते. तात्या म्हणाले, ठीक आहे, चालेल एवढं.

मग मीटर. मीटरवर बत्तीसशे तास. तात्यांनी ब्रेकच्या पेडलवर बोट ठेवलं, पेडल झिजून आरशासारखं झालं होतं. म्हणाले, हे मीटर वरणातल्या मिठासारखं आहे, चवीपुरतं घातलंय.

मग डेमो झाला. पोरगा चढला, तरणाबांड, हात एकदम साफ. मुरमाचा ढीग होता तो असा सपासप लोटला, मागं आला, वळला, परत लोटला. दाजी खूश. दाजींचा हात खिशाकडं चाललेला मी बघितला. तेवढ्यात तात्या म्हणाले, पोरा, तो लिंब दिसतो का? त्याला एक प्रदक्षिणा घालून ये.

पोरगा निघाला. लिंबाजवळ गेला आणि झाड डावीकडं ठेवून, डावीकडं वळत वळत, पूर्ण फेरी मारून आला. तात्या म्हणाले, उलटी घातलीस. देवाला घालतो तशी घाल, झाड उजव्या हाताला ठेव. पोरानं मालकाकडं बघितलं. मालकानं चहाकडं बघितलं. पोरगा परत गेला, उजवा लिव्हर ओढला, ओढला, मशीन आपलं सरळ निघालं कुंपणाकडं. मग त्यानं काय केलं असेल? डावीकडं वळत वळत पाऊण चक्कर मारली आणि तोंड उजवीकडं केलं! उजवीकडं जायला डावीकडून! आख्ख्या डेमोत ते मशीन एकदासुद्धा उजवीकडं वळलं नव्हतं, आणि आम्हा दोघांना पत्ता नाही.

मालक पण वस्ताद. म्हणाला, तात्या, महादेवाची प्रदक्षिणा अर्धी जाऊन परतच यायची असते की. तात्या हसले. म्हणाले, महादेवाचं देऊळ एक लाख पंचाहत्तर हजारानं स्वस्त होईल का तेवढं बघा.

बिघाड होता तो उजव्या स्टिअरिंग क्लचमध्ये. लिव्हर ओढला की हा क्लच त्या बाजूची चेन सोडतो, म्हणून मशीन तिकडं वळतं. मशीन दोन पावसाळे उघड्यावर उभं, आतल्या प्लेटा गंजून एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळं लिव्हर ओढला तरी त्या बाजूची चेन सुटतच नव्हती. शेवटी पावणेसातला घेतला, तुटलंय काय हे माहीत असून घेतला, एवढाच फरक.

अरे, वेळ संपत आली. बाकीचं पटापट सांगतो, ऐका.

आधी खाली बघा, मग वर. परत सांगतो, आधी खाली, मग वर. चेन, तिची चाकं म्हणजे रोलर आणि आयडलर, आणि स्प्रॉकेट हे सगळं एकदम बदलायची वेळ आली तर जुन्या मशीनच्या निम्म्या किमतीएवढं बिल होतं. इंजिन त्या मानानं सोपं, त्याचे पार्ट आणि मिस्त्री दोन्ही मिळतात. बघायला जाताना सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्या गेल्या इंजिनाच्या ब्लॉकला हात लावा, गरम असेल तर ते का गरम केलंय ते विचारा. चालू केल्यावर ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, भकाभका धूर येतो का बघा, येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पातं जमिनीवर दाबून मशीनचं तोंड वर उचलायला लावा, इंजिन बंद करा, लांब उभं राहा आणि बघा किती लवकर खाली बसतंय, लगेच बसलं तर हायड्रॉलिक दाब धरत नाही. भरल्या ढिगाला पातं लावून जोर द्यायला सांगा, चेन जागेवर घसरली पाहिजे. इंजिन ओरडतंय आणि चेन हलत नाही म्हणजे ताकद मधेच कुठंतरी गळतेय. आणि दोन्हीकडं वळवून दाखवा म्हणा. डावीकडं पण आणि उजवीकडं पण.

कागद. चेनवाल्या मशीनला ट्रॅक्टरसारखं आरटीओचं पुस्तक नसतं, त्यामुळं मूळ बिल हाच त्याचा सातबारा. चेसिस नंबर बिलाशी जुळवा, बँकेचा बोजा असेल तर ना हरकत दाखला हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. आणि स्वतःच्या रानातला मुरूम का असेना, परवान्याशिवाय बाहेर विकायला निघालात तर ते गौण खनिज, तहसीलदार मशीनच जप्त करून ठेवतील.

एक माझं मत सांगतो, कुणाला पटो न पटो. सपाटीकरणात आपण वरची माती खाली आणि खालचा मुरूम वर करतो, आणि मग पाच वर्षं खत टाकत बसतो. वरची वीतभर माती आधी खरवडून एका बाजूला लावा, मग मुरूम कापा, मग ती माती परत पसरा. तास वाढतात, वाढू द्या. आणि काळ्या रानात ओल असताना डोझर घालू नका, माती चेनमध्ये बसते आणि वाळली की सिमेंट होते, संध्याकाळी फावड्यानं काढायचीच.

दाजींचं राहिलं. क्लचचं काम निघायला महिना लागणार होता आणि मृग तोंडावर. तात्यांनी शपथ घातली, उतारावर चढवायचा नाही. मग दाजींनी तेवढ्या दिवसांत खालच्या सपाटीला रस्ता करून घेतला, फाटकापासून घरापर्यंत, डावीकडं वळणाऱ्या डोझरनं. क्लच कधीच दुरुस्त झाला, अंजीर लागली, पण तो रस्ता अजून तसाच आहे, विहिरीला वळसा घालून, गोठ्याला वळसा घालून, डावीकडूनच घरी येतो. आक्का म्हणते, पाहुणे विचारतात, वास्तुशास्त्राप्रमाणं काढलाय का हो?