सामान पोचते, जागा पोचत नाही

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा विषय ‘वर्षानुवर्षांच्या सामानासह घर कसे हलवावे’ असा जाहीर झाला आहे, आणि त्याविषयीच्या व्यावहारिक सूचना मी देणारच आहे. परंतु त्याआधी एक विचार तुमच्यापुढे ठेवू द्यावा, कारण तो मनाशी पक्का झाला नाही तर त्या सूचनांना फारसा अर्थ उरत नाही. दीर्घकाळ राहिलेले घर सोडताना आपल्याला धास्ती असते ती वस्तू फुटण्याची, गहाळ होण्याची आणि एवढे ओझे वाहून नेण्याची. माझ्या मते मोठे नुकसान यांपैकी कोणतेच नाही. वस्तू बहुतेक सगळ्या पोचतात. पोचत नाही ती त्यांची जागा. कोणती वस्तू कुठे आहे, तिच्या शेजारी काय आहे, ती कोणत्या वेळी लागते, हे वीस-पंचवीस वर्षांत घरातल्या माणसांच्या अंगवळणी पडलेले असते. ते ज्ञान खोक्यात भरता येत नाही, आणि घर बदलल्यावर महिनोन्‌महिने जो त्रास जाणवत राहतो त्याचे मूळ तिथे आहे.

उदाहरणादाखल प्रत्येक घरात असतो तो एक खण घ्या. त्यात विजेरी असते, अर्धवट जळालेल्या मेणबत्त्या असतात, काडेपेटी, चिकटपट्टीचे रीळ, एक लहान पेचकस, जादा दिवा आणि कुठल्याशा किल्ल्यांचा जुडगा असतो. जिचे कुलूप सापडत नाही अशी एकही किल्ली ज्यांच्या घरी नाही, त्यांनी कृपया हात वर करावा. सभागृहात एकही हात दिसत नाही, तेव्हा आपण सारे एकाच पंथाचे आहोत असे समजून पुढे जातो. बाहेरचा माणूस या खणाला पसारा म्हणेल, कारण त्यातल्या दोन वस्तू एका जातीच्या नाहीत. पण दिवे गेले की घरातला कोणीही अंधारात चार पावले टाकून तोच खण उघडतो आणि हवी ती वस्तू न पाहता काढतो. त्या खणाची रचना वस्तूंच्या जातीवर नसून प्रसंगावर झालेली आहे, आणि ती कोणी एका दिवशी बसून केलेली नाही. दरवेळी वस्तू परत ठेवताना हात ज्या ठिकाणी सहज गेला, तिथे ती हळूहळू स्थिरावली. जुन्या घरातली बहुतेक सगळी मांडणी अशीच घडलेली असते. ती दिसत नाही, म्हणून ती नाहीच असे मानून आपण सामान बांधायला घेतो.

जागा आणि स्मरण यांचे हे नाते माणसाने फार पूर्वी ओळखले होते. ग्रीक कवी सिमोनिदीस याच्याविषयी प्राचीन रोमन वक्ता सिसेरो याने एक आख्यायिका नोंदवली आहे. एका मेजवानीतून सिमोनिदीसला कोणी बाहेर बोलावले, आणि तेवढ्यात आतले छत कोसळून सारे पाहुणे दगावले. देह ओळखण्याच्या पलीकडे गेले होते. परंतु कोण कुठे बसले होते हे त्याला आठवत होते, म्हणून त्याला एकेकाचे नाव सांगता आले. स्मरणासाठी मनात एखाद्या वास्तूची कल्पना करून तिच्या दालनांत गोष्टी मांडून ठेवण्याची जी जुनी युक्ती आहे, तिचा उगम या कथेत सांगितला जातो. अलीकडच्या काळात जॉन ओकीफ यांनी 1971 साली उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी दाखवून दिल्या, की ज्या प्राणी ठरावीक जागी आला की कार्यरत होतात. पुढे मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांनी त्याच्या लगतच्या भागात, अंतर आणि दिशा यांची जणू जाळी मांडणाऱ्या पेशी शोधल्या, आणि 2014 सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. मी मेंदूचा अभ्यासक नाही, म्हणून या शोधांतून खणाविषयीचा माझा सिद्धान्त सिद्ध होतो असे म्हणणार नाही. पण जागेचे ज्ञान ही डोक्यातली खरीखुरी गोष्ट आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

आता मी माझ्या तक्रारीकडे येतो. ती आमच्या आईसंबंधीची आहे, आणि ती थोडी सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आईला काचबिंदू होता. त्या विकारात दृष्टी बहुधा कडेकडेने कमी होत जाते. समोरचे काही काळ बरे दिसते, पण बाजूचे दिसेनासे होते आणि नजरेचा परीघ आक्रसत जातो. तरीही जुन्या घरात तिला कोणाची मदत लागत नसे. उठून स्वयंपाकघरात जावे, दुसऱ्या फळीच्या डाव्या टोकाला हात न्यावा, औषधाचे थेंब, भिंग आणि दूरध्वनी क्रमांकांची वही घ्यावी, आणि काम झाले की तिथेच ठेवावे. तिच्याकडे पाहून तिला कमी दिसते असे नव्या पाहुण्याच्या ध्यानात येत नसे. त्या घरात ती डोळ्यांनी जेवढी पाहत होती, त्याहून अधिक हातांनी पाहत होती.

घर हलवण्याचे काम आम्ही सामान बांधून पोचवणाऱ्या मंडळींकडे दिले. ती माणसे कामाला वाघ होती आणि त्यांच्या हातून एक कपही फुटला नाही, हे मी आवर्जून सांगतो. परंतु जागा वाचवणे हा त्यांच्या कामाचा पहिला नियम होता. मोठ्या पातेल्यात लहान डबे, डब्यांत चमचे, चमच्यांच्या फटीत पलंगाचे स्क्रू, काचेच्या भांड्यांभोवती उशांचे अभ्रे, अशी पोकळी दिसेल तिथे मावेल ते भरण्याची त्यांची रीत होती. खोक्यांवर ‘किरकोळ’, ‘काच’ आणि ‘इतर’ असे शिक्के पडले. शेवटी यादीवर सही घेऊन ते निघून गेले, आणि यादीप्रमाणे सर्व काही पोचले होते.

नव्या घरात आई भिंग मागू लागली. थेंबांची बाटली आम्ही हातातल्या पिशवीतून आणली होती, वहीही मिळाली, पण भिंग काही केल्या सापडेना. ते अखेर आरशांच्या आणि तसबिरींच्या खोक्यात सापडले. भिंग काचेचे, म्हणून ते काचेत गेले! बांधणाऱ्याच्या दृष्टीने यात काही वावगे नव्हते. पण भिंग हे आईच्या लेखी आरशांचे भावंड कधीच नव्हते. ते थेंबांच्या आणि वहीच्या सोबतीने राहणारे होते. ही सोबत तोडताना घरातल्या कोणालाही विचारावे असे बांधणाऱ्याला वाटले नाही, आणि माझी तक्रार नेमकी एवढीच आहे.

भिंग सापडल्याने प्रश्न मिटला असता तर मी ही हकिकत तुम्हाला ऐकवली नसती. त्यानंतर कित्येक आठवडे मी पाहत होतो, की आई फळीपुढे उभी राहते, हात पुढे करते, तो हात चुकीच्या डब्याला लागतो, आणि ती हात मागे घेते. मग तिने उठणेच कमी केले. आयुष्यभर जिने पाणीसुद्धा कोणाला मागितले नाही, ती प्रत्येक गोष्ट मागू लागली, आणि मागताना तिच्या आवाजात जो संकोच येई तो ऐकवत नसे. वयोमानाने तिची स्मरणशक्ती मंदावत आहे, असे हलक्या आवाजात आम्हाला सुचवणारेही भेटले. स्मरणशक्ती होती तिथेच होती. ती ज्या फळ्यांवर लावलेली होती, त्या फळ्या आम्ही मागे सोडून आलो होतो.

यातून मार्ग निघाला तो एका छायाचित्रामुळे. माझ्या पुतणीने पूर्वी कधीतरी आईचे स्वयंपाकघरात काम करतानाचे छायाचित्र काढले होते, आणि त्यात पाठीमागची ती भिंत जवळजवळ पूर्ण आली होती. ते मोठे करून आम्ही समोर धरले आणि नव्या घरातल्या फळ्या उतरवून त्याच उंचीवर पुन्हा ठोकल्या. डावीकडचे डावीकडे, खालचे खाली, डब्यांचा क्रमसुद्धा तोच ठेवला. दोन डबे आम्ही उलटे लावले होते, ते आईने हात फिरवताच सांगितले. त्यानंतर तिचे उठणे-बसणे, स्वतःचे स्वतः घेणे पुन्हा सुरू झाले. नव्या घराला शोभेल अशी मांडणी आम्हालाही हवी होती. पण आईच्या हाताला ओळखीची मांडणी त्याहून महत्त्वाची होती, याविषयी माझ्या मनात आजही शंका नाही.

याच ओघात, ‘घर बदलताय ना, मग सगळे फेकून द्या’ असा सल्ला देणाऱ्यांविषयी दोन शब्द बोलतो. वस्तू आपली झाली की ती अधिक मोलाची वाटू लागते, हे खरे आहे. डॅनिएल कानेमन, जॅक क्नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले होते, आणि ज्यांना ते मिळाले त्यांनी विकण्यासाठी मागितलेली किंमत, न मिळालेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहूनही अधिक भरली. तेव्हा आपल्या पसाऱ्याविषयी आपला निवाडा निःपक्षपाती नसतो, हे मला मान्य आहे. परंतु कॉफीचा तो मग विद्यार्थ्याच्या हाती नुकताच आला होता. पंचवीस वर्षे एका जागी राहिलेल्या वस्तूचा त्यात विचार नाही. शिवाय फेकण्याचा निर्णय नीट घेता यावा, इतकी उसंत शेवटच्या आठवड्यात कोणाला असते? दमलेला माणूस एकतर सगळे ठेवतो किंवा सगळे टाकतो, आणि दोन्हींचा पश्चात्ताप पुढे होतो.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, म्हणून ज्यासाठी तुम्ही आलात त्या सूचना आता भराभर सांगतो. ज्यांना लिहून घ्यायच्या असतील त्यांनी घ्याव्यात.

निवड आणि बांधणी ही दोन कामे एकत्र करू नयेत. निवड काही महिने आधी सुरू करावी आणि बांधणीच्या आठवड्यात काहीही टाकायचे नाही असा नियम ठेवावा. निवडीला कागदांपासून आरंभ करावा, कारण कागद सर्वांत जड असतो. नेहमीच्या ए-4 आकाराच्या, चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणाऱ्या कागदाचा 500 पानांचा गठ्ठा अडीच किलो भरतो, म्हणजे अशा गठ्ठ्यांची एक मीटर उंचीची चळत सुमारे 50 किलोंची होते. छायाचित्रे मात्र सर्वांत शेवटी हाती घ्यावीत, कारण ती पाहण्यात दिवस कसा जातो ते कळत नाही. खरेदीच्या जुन्या पावत्यांपैकी उष्णतेने छापलेल्या गुळगुळीत पावत्या पुसट होत जातात. हमीसाठी त्या लागणार असतील तर त्यांची प्रत आजच काढून ठेवावी.

बांधण्यापूर्वी प्रत्येक खण, फळी आणि कपाट उघडून सरळ समोरून छायाचित्र घ्यावे. खोके भरताना एका खणातले सामान एकाच खोक्यात राहू द्यावे, मग ते अर्धे रिकामे राहिले तरी चालेल. रिकाम्या भागात कागदाचे बोळे भरावेत, दुसऱ्या खणातल्या वस्तू भरू नयेत. खोक्यावर नव्या खोलीबरोबर जुनी जागाही लिहावी, जसे ‘स्वयंपाकघर, खिडकीखालची दुसरी फळी’. आणि ते झाकणावर न लिहिता बाजूंवर लिहावे, कारण खोकी एकमेकांवर रचली की झाकण दिसत नाही. ‘इतर’ हा शिक्का कोणालाही मारू देऊ नये.

पुस्तकांसाठी लहान खोकी घ्यावीत. खोक्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली की वजन आठपट होते, आणि एका माणसाला उचलता येणारे ओझे पाहता पाहता कोणालाच न उचलणारे होते. सुट्या केलेल्या फर्निचरचे स्क्रू पिशवीत घालून त्याच फर्निचरला बांधावेत. भुशाच्या दाबीव फळ्यांचे कपाट मात्र शक्यतो सुटे करू नये, कारण त्याच छिद्रांत स्क्रू दुसऱ्यांदा तितकासा घट्ट बसत नाही. कपडे धुण्याच्या यंत्रासोबत मिळालेले, आतले पिंप जखडून ठेवणारे वाहतुकीचे बोल्ट हलवण्यापूर्वी पुन्हा लावावेत. फ्रिज उभाच न्यावा. आडवा न्यावाच लागला तर पोचल्यावर तो काही तास उभा ठेवून मग सुरू करावा, म्हणजे कॉम्प्रेसरमधले तेल जागेवर येते. कागदपत्रे, औषधे आणि चष्मे गाडीत न देता स्वतःजवळ ठेवावेत.

पोचल्यावर सर्वांत आधी, दिवे गेले की लागतो तो खण लावावा, आणि त्याच दिवशी तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला हात लावून दाखवावे. त्यानंतर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची खोली, मग स्वयंपाकघर, आणि बैठकीची खोली अगदी अखेरीस घ्यावी.

राहता राहिले ते कोपऱ्यात पडून राहणारे खोके. वर्षभर उघडले नाही तर न उघडताच टाकून द्यावे, असे सांगितले जाते, आणि ते मला मुळीच पटत नाही. जे खोके घाईत भरले गेले त्यात नकोशा वस्तूंशेजारी एखादे भिंगही असू शकते. ते उघडावे, एकेक वस्तू हातात घ्यावी, आणि ती जुन्या घरात कशाच्या शेजारी होती हे ज्याला आठवत असेल, त्याला जवळ बसवून मगच तिचे काय करायचे ते ठरवावे. वेळ संपली आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर मी बाहेरच्या दालनात थांबतो.