गाडीची अर्थिंग, घरी बनवलेल्या वायरीनं

[बोनेट उघडं. बॅटरीची जाड काळी वायर जवळून.]

बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून निघालेल्या वायरी गाडीभर फिरतात. परतीला बहुतेक ठिकाणी वायर नसतेच; गाडीचा पत्राच करंट परत आणतो. म्हणून निगेटिव्हची काळी वायर बॉडीला आणि इंजिनाला आवळलेली असते; हीच अर्थिंग. इंजिन बसतं रबरी माउंटिंगवर, म्हणजे बॉडीपासून जवळजवळ तुटलेलं. वायर आवळलेला सांधा गंजला की करंटची वाट अडते.

[किनाऱ्यालगतचा रस्ता. पाऊस.]

रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत हा गंज लवकर धरतो. हेडलाइट पिवळट होतात, सेल्फ मारला की नुसतं 'टक्'. मालक नवी बॅटरी टाकतो, गाडी मात्र तशीच. जुन्या गाडीत तर क्लचची केबल हाताला गरम लागते, कारण धड अर्थ न मिळालेला सेल्फचा करंट तिच्यातून वाट काढतो.

[मल्टिमीटर.]

आधी मोजायचं. मीटर डीसी २० व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलला, आणि कुणीतरी सेल्फ मारायचा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर बोनेट लावा, वायरीचे पैसे वाचले. ०.५ च्या वर गेला तर कामाला लागा: बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनापर्यंत एक जादा वायर घरीच बनवायची.

[टेबल. केबल कापताना.]

वेल्डिंगची केबल उत्तम, मात्र तांब्याची हवी. २५ चौरस मिलिमीटर, बारीक तारांची. मीटरभर लांबीत १५० अँपिअर वाहिले तरी जेमतेम ०.१ व्होल्ट खर्ची पडतो. दोन्ही टोकांना तांब्याचं थिंबल, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेली टोपी, क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबलेलं. हातोडीनं ठोकलेलं थिंबल दिसतं घट्ट, पण आत पोकळी राहते आणि ओल शिरते. सोल्डर ओतलं तर ते तारांत झिरपून वायर ताठ होते, आणि इंजिनाच्या थरथरीनं नेमकी तिथंच तुटते. वरून हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आकसून घट्ट बसणारी नळी.

[पॉलिश पेपर घासताना.]

खरी मेहनत इथं आहे, आणि लोक टाळतात तीही हीच. बोल्टखालचा रंग आणि गंज धातू चमकेपर्यंत घासायचा. रंगावर आवळलेली महागडी वायरसुद्धा फुकट. दातेरी वॉशर घालून घट्ट करायचं, मग वरून ग्रीस. इंजिन हलतं, म्हणून वायर किंचित सैल ठेवायची, सायलेन्सरच्या पाइपपासून आणि पट्ट्यापासून लांब. आणि हे सगळं करताना निगेटिव्ह सर्वांत आधी काढायचं, सर्वांत शेवटी लावायचं.

[रंगीत वायरींचा संच.]

अर्थिंगच्या वायरींचे असे तयार संच पिकअप आणि मायलेज वाढवतात म्हणून विकले जातात. मूळची अर्थिंग ठणठणीत असेल तर त्यांना करायला काही उरत नाही. बोनेट तेवढं देखणं दिसतं.

[नव्या गाडीचं बॅटरी टर्मिनल.]

बऱ्याच नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच छोटा सेन्सर असतो, बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा. तिथं जादा वायर थेट खुंटीला जोडली तर तिच्यातून जाणारा करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. अशा गाडीत ती बॉडीच्या अर्थ बोल्टवरच आवळायची.