वरणाचं पाणी नको, वरण द्या

नमस्कार श्रोतेहो.

मेळघाटात असो की नंदुरबारच्या अक्कलकुव्यात, अंगणवाडीताई बाळाच्या दंडाला पट्टी लावते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरहून कमी भरला, की पट्टी लाल रंगावर येते. मूल तीव्र कुपोषित. आणि घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं: "आईचंच लक्ष नाही."

मला हे मुळीच पटत नाही. आई सकाळी मजुरीला जाते, मूल आजीपाशी नाहीतर थोरल्या बहिणीपाशी असतं. बाजारातून काय आणायचं ते बाप ठरवतो. मग एकट्या आईला समजावून काय होणार? ताईंनो, आजीला बसवा, बापालाही बसवा, आणि उपदेशाआधी विचारा: काल सकाळपासून बाळानं काय खाल्लं? कोणी भरवलं?

उत्तरात बहुतेक वेळा वरणाचं पाणी येतं. पचायला हलकं म्हणून, मायेनंच देतात हो. पण सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिलिलिटर मावतं. ती जागा पाण्यानं भरली, की भूक मरते आणि अंगी काहीच लागत नाही. म्हणून पातेल्याच्या तळाचं घट्ट वरण घ्या, त्यात भात कुस्करा, वर चमचाभर तेल सोडा. तेवढ्या तेलातच ४५ कॅलरी असतात. चमचा तिरका केला तरी घास ओघळता कामा नये. असं दिवसातून चार-पाच वेळा, आणि बाळाच्या वेगळ्या ताटलीत. थोरल्यांच्या ताटात त्यानं किती खाल्लं, कळतच नाही. बाजारातून बाळासाठी बिस्किटाचा पुडा आणता ना? त्याऐवजी अंडी आणा, शेंगदाणे आणा. दाणे मात्र कूट करूनच द्या, अख्खे घशात अडकतात.

पण दोन्ही पायांवर सूज असेल, मूल मलूल पडलं असेल, तोंडच उघडत नसेल, तर घरी भरवत बसू नका. जबरदस्ती तर नकोच. आशाताईला गाठा, लगेच पोषण पुनर्वसन केंद्रात न्या. तिथं सुरुवातीला खास दूध मोजून, दर दोन-तीन तासांनी देतात. खंगलेल्या शरीराला एकदम जास्त अन्न झेपत नाही, उलट जिवावर बेतू शकतं. साधारण दोन आठवडे राहावं लागतं. बुडालेल्या मजुरीपोटी आईला भत्ता असतो, तो मागून घ्या.

"मागे बाकीच्या पोरांना कोण बघणार?" याच प्रश्नापायी कितीतरी आया केंद्रातून अर्ध्यावर परततात. बाबांनो, याचं उत्तर तिला घरून निघण्याआधी द्या.